धातू मुरलेल्या जमिनीचं काय करायचं?

शेताच्या वरच्या अंगाला कारखाने, खालच्या अंगाला विहीर आणि मधून वाहणारा, दिवसागणिक रंग बदलणारा नाला. अशी जमीन ज्यांच्या वाट्याला आली आहे, त्यांना सल्ले देणाऱ्यांची कमी नसते. कुणी म्हणतं सूर्यफूल लावा, ते विष ओढून घेतं. कुणी मोहरी सुचवतं. कुणी जिवाणूंच्या बाटल्या घेऊन येतं आणि एका हंगामात जमीन शुद्ध करून देतो असं छातीठोकपणे सांगतं. या सल्ल्यांमागे खरं शास्त्र आहे, ते थोतांड नाही. पण ते शास्त्र कोणत्या धातूला, कोणत्या मातीत आणि किती वर्षांत लागू पडतं हे सांगायचं राहून जातं, आणि शेतकऱ्याचा पैसा नेमका तिथेच बुडतो. म्हणून आधी हिशेब, मग झाडं.

एक एकर जमिनीचा वरचा वीतभर, म्हणजे साधारण २० सेंटिमीटरचा थर, ढोबळमानाने १,००० टन भरतो. एका टनात १ ग्रॅम म्हणजे १ पीपीएम. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘मिलिग्रॅम प्रति किलो’ असं लिहितात तेही हेच. तेव्हा अहवालातला आकडा तसाच्या तसा किलोमध्ये वाचा: माती तपासणीत शिसं २०० पीपीएमने जास्त निघालं, तर तुमच्या एकरात २०० किलो जास्तीचं शिसं पडलेलं आहे.

आता मोहरीकडे वळू. पीक उत्तम आलं, पाला-देठासकट ३ टन वाळलेला माल निघाला असं समजा. त्या मालात शिसं ५० पीपीएम चढलं, हेही सढळ हातानेच धरलं. म्हणजे एका पिकाने १५० ग्रॅम शिसं बाहेर नेलं. २०० किलो काढायला अशी तेराशेहून जास्त पिकं लागतील. वर्षाला दोन घेतली तरी साडेसहाशे वर्षं. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला अजून साडेतीनशेच झाली आहेत.

कॅडमियमचं गणित थोडं बरं आहे, कारण ते मुळात कमी असतं आणि झाडात सहज चढतं. जमिनीत ३ पीपीएम आहे आणि १ वर आणायचं आहे, म्हणजे २ किलो काढायचं. मोहरीत १० पीपीएम चढलं तर एका पिकात ३० ग्रॅम निघतं. तरी सत्तरच्या आसपास पिकं झालीच. हे आकडे मी सोयीसाठी गोल केले आहेत, पण कुणीही बाटली विकायला आला तर त्याला हेच गणित कागदावर मांडायला सांगा. जो मांडतो त्याचं पुढचं ऐकायला हरकत नाही.

मग झाडांनी जमीन साफ होते ही बातमी आली कुठून? खऱ्या कामांतूनच आली. न्यू कॅलेडोनिया बेटांवर पिक्नॅन्ड्रा अक्युमिनाटा नावाचा वृक्ष आहे. त्याला चीर दिली की निळसर-हिरवा चीक गळतो आणि तो वाळवला तर जवळपास चौथा हिस्सा निकेल निघतं. निकेल १,००० पीपीएमच्या वर साठवणाऱ्या अशा झाडांना ‘अतिसंचयी’ म्हणायची रीत १९७७ मध्ये न्यूझीलंडच्या ब्रुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाडली. पुढे १९८३ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातले रूफस चॅनी यांनी अशी झाडं लावून, कापून जमिनीतला धातू काढता येईल असं मांडलं. अल्बानियात आज निकेलयुक्त माळरानांवर हेक्टरी शंभर किलोच्या घरात निकेल या मार्गाने काढून दाखवलं आहे. पण निकेल हा या खेळातला सगळ्यात सोपा गडी आहे. शिसं सगळ्यात अवघड.

आर्सेनिकची गोष्ट आपल्याला जवळची वाटेल. टेरिस व्हिटाटा हा नेचा. जुन्या विहिरीच्या आत, ओलसर दगडी भिंतीच्या फटीत, चुन्याच्या सांध्यातून लांब पात्यांचा जो नेचा डोकावतो, त्यात हा आपल्याकडेही सापडतो. पातं उलटं करून पाहिलं तर दोन्ही कडांना तपकिरी बीजाणूंची सलग किनार दिसते. फ्लोरिडात लाकूड टिकवण्याच्या आर्सेनिकयुक्त रसायनाने नासलेल्या एका जागी हाच नेचा मजेत वाढताना लीना मा यांच्या गटाला दिसला आणि २००१ मध्ये त्यांनी जाहीर केलं की त्याच्या पात्यांत आर्सेनिक दोन टक्क्यांच्याही वर जाऊ शकतं. आर्सेनिक वरच्या थरात, बेताच्या प्रमाणात असेल तर या नेच्याने दहा-पंधरा वर्षांत फरक पडू शकतो. सावली, ओल आणि चुनखडीची माती मात्र त्याला द्यावी लागेल. मराठवाड्याच्या उघड्या रानात तो तग धरणार नाही.

आणि सूर्यफूल? चेर्नोबिलजवळच्या तळ्यात १९९०च्या दशकात तराफ्यांवर सूर्यफुलं वाढवून पाण्यातलं किरणोत्सारी सीझियम आणि स्ट्रॉन्शियम मुळांवर धरता येतं, हे दाखवलं गेलं. ते खरं. पण तिथे धातू पाण्यात विरघळलेला होता. २०११ मध्ये फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर जपानने उत्साहाने शेतात सूर्यफुलं लावली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथल्या कृषी मंत्रालयाने निकाल सांगितला: जमिनीतल्या सीझियमचा दोन हजारावा भाग कसाबसा झाडात आला. सीझियम चिकणमातीच्या थरांत जाऊन बसलं होतं, मुळांच्या हाती लागत नव्हतं. शेवटी तिथल्या शेतांची वरची चार-पाच सेंटिमीटर माती खरवडून काढावी लागली.

पाण्यातला धातू आणि मातीतला धातू यांत हा फरक आहे. आणि तो फरक करणारे किंवा मोडणारे पुष्कळदा जिवाणू असतात.

जिवाणूंबद्दल एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. तेल सांडलं तर जिवाणू ते खाऊन संपवू शकतात, कारण तेल म्हणजे कर्ब आणि हायड्रोजन. शिसं मूलद्रव्य आहे, ते खाऊन संपत नाही. जिवाणू फक्त त्याचं रूप बदलतात: विरघळणारं न विरघळणारं होतं, किंवा उलट. पारा तर काही जिवाणू वाफेच्या रूपात हवेत सोडून देतात. जमीन सुटली, शेजाऱ्याच्या नाकाशी आलं.

ही उलटापालट भातखाचरात फार छान दिसते. खाचरात पाणी तुंबलं की मातीतला प्राणवायू संपतो. मग सल्फेटवर जगणारे जिवाणू जोर धरतात, त्यांच्यामुळे सल्फाइड तयार होतं आणि कॅडमियम त्याच्याशी जोडलं जाऊन घट्ट बसतं. पाणी सोडून खाचर सुकवलं की हवा शिरते, सल्फाइड मोडतं आणि कॅडमियम पुन्हा मोकळं होऊन मुळात शिरतं. जपानच्या तोयामा भागात जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतल्या कॅडमियममुळे ‘इताई-इताई’ हा हाडं ठिसूळ करणारा आजार पसरला होता. ‘दुखतंय, दुखतंय’ असा त्या नावाचा अर्थ. सरकारने १९६८ मध्ये त्याचं कारण मान्य केलं आणि तिथल्या शेतांची माती बदलायचं काम २०१२ पर्यंत चाललं. या अनुभवातून जपानी शेतकरी भात निसवताना खाचरात पाणी टिकवायला शिकला, म्हणजे दाण्यात कॅडमियम कमी जातं. आणि शास्त्रज्ञांनी तेच उलटं करून पाहिलं. कॅडमियम भरपूर ओढणारा ‘चोकोकोकू’ नावाचा इंडिका भात लावला, पाणी मुद्दाम तोडलं, आणि पेंढा-दाणा सगळं बाहेर नेलं. दोन वर्षांत हेक्टरी सुमारे ८८० ग्रॅम कॅडमियम निघालं, जमिनीतलं प्रमाण ३८ टक्क्यांनी घटलं. माझ्या माहितीतल्या शेतावरच्या प्रयोगांत हा सगळ्यात पटण्याजोगा.

पण कोकणात कुणी लगेच पाणी तुंबवायला धावू नका. तुंबलेल्या खाचरात लोहावर जगणारे जिवाणू आर्सेनिकला मोकळं करतात. कॅडमियमसाठी जे औषध, ते आर्सेनिकसाठी विष. कोणता धातू आहे हे कळल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही.

म्हणजे गाडं तपासणीपाशी येऊन थांबतं, आणि तिथे आपल्याकडे हमखास गल्लत होते. मृदा आरोग्य पत्रिकेत जस्त, तांबं, लोह, मंगल हे दिलेलं असतं, म्हणून अनेकांना वाटतं आपली धातूंची तपासणी झाली. त्या पत्रिकेत शिसं नसतं, कॅडमियम नसतं, क्रोमियम, निकेल, आर्सेनिक, पारा काहीच नसतं. जस्त-तांब्याचे आकडेही पिकाला उपलब्ध होणाऱ्या भागाचे असतात, एकूण साठ्याचे नव्हे. प्रयोगशाळेत जाऊन स्पष्ट शब्दांत मागा: एकूण धातू, म्हणजे आम्लात विरघळवून केलेली तपासणी, आणि सोबत डीटीपीए पद्धतीने उपलब्ध भाग. क्रोमियमचा संशय असेल तर षटसंयुजी क्रोमियम वेगळं मोजायला सांगा. विषारी आणि वाहतं ते तेच. एनएबीएल मान्यतेची प्रयोगशाळा शोधा किंवा कृषी विद्यापीठाच्या मृदाशास्त्र विभागाला विचारा.

नमुना घेताना लोखंडी घमेलं आणि गंजलेलं फावडं बाजूला ठेवा. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत माती कालवली तर जस्त तुम्हीच घातलंत. प्लॅस्टिकचा टब, लाकडी पट्टी किंवा स्टेनलेसची खुरपी चालते. नाल्यालगतची पट्टी, मधलं शेत आणि वरचा कोपरा यांचे नमुने एकत्र करू नका. धातू पाण्याच्या वाटेने साठतो, आणि सगळं एकत्र केलंत तर नासलेले दोन गुंठे चांगल्या अठरा गुंठ्यांत लपून जातात. प्रत्येक पट्ट्यातून नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी व्ही आकाराचा खड्डा घ्या, बांध आणि उकिरड्याची जागा सोडा, आणि चतुर्थांश पद्धतीने, म्हणजे ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत, अर्धा किलोवर आणा.

एक नमुना मात्र शेजारच्या, ज्या शेताला नाल्याचं पाणी कधी लागलेलं नाही अशा, तशाच मातीच्या शेतातून घ्याच. याचं कारण आपल्या पायाखालचा दगड. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, आणि त्यात तांबं, निकेल, क्रोमियम मुळातच भरपूर. युरोपीय संघाच्या १९८६ च्या नियमात सांडपाण्याचा गाळ टाकण्याच्या शेतजमिनीसाठी निकेलची कमाल मर्यादा ३० ते ७५ पीपीएम आणि तांब्याची ५० ते १४० पीपीएम आहे. आपल्या काळ्या मातीत कारखान्याचा थेंबही न पडता आकडे त्या मर्यादेला जाऊन भिडू शकतात. तुलनेचा नमुना नसेल तर एक तर उगाच घाबराल, किंवा समोरचा वकील ‘हे निसर्गाचंच आहे’ म्हणून मोकळा होईल. शिसं आणि कॅडमियमला मात्र ही सबब चालत नाही, बेसाल्टमध्ये ती कमीच असतात.

मातीइतकीच भाजीची तपासणी महत्त्वाची. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकानुसार पालेभाजीत ओल्या वजनावर कॅडमियम ०.२ आणि शिसं ०.३ मिलिग्रॅम प्रति किलोच्या आत हवं. जमीन खराब निघाली पण भाजी या मर्यादेत असेल, तर तुमच्या हातात वेळ आहे. भाजी बाहेर गेली असेल तर वेळ नाही.

कारखाना नसलेल्यांनीही हे वाचणं सोडू नये. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण मारणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा. १ टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटरला १ किलो मोरचूद, आणि मोरचुदात चौथा हिस्सा तांबं. एकरी ४०० लिटर फवारलं की १ किलो तांबं शेतात आलं, वरच्या थरात १ पीपीएमची भर पडली. वर्षाला अशा चार फवारण्या धरल्या तर वीस वर्षांच्या बागेत ८० पीपीएम. युरोपात तांब्याला सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची कमाल मर्यादा आहे. चार फवारण्यांचा हा हिशेब हेक्टरी वर्षाला १० किलोवर जातो, तिथल्या सरासरीच्या अडीच पट. तांबं माणसाला फारसं बाधत नाही, पण गांडुळं आणि मुळांवरच्या बुरशीला बाधतं. शहरी कचऱ्याचं कंपोस्ट घेणाऱ्यांनी पावतीबरोबर तपासणी अहवाल मागावा. खत नियंत्रण आदेशात त्यासाठी शिशाला १०० आणि कॅडमियमला ५ पीपीएमची मर्यादा आहे.

तपासणी हाती आली की मग ठरवायचं. माझं मत सरळ आहे: महाराष्ट्रातल्या बहुतेक बाधित शेतांसाठी धातू काढण्याच्या मागे लागू नये. तो मातीत जखडून ठेवावा आणि ताटात येऊ देऊ नये.

याचा आपल्याकडचा धडा नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने घालून दिला आहे. नागपूर जिल्ह्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीचे ढिगारे उघडेबोडके पडले होते. त्या मातीत सेंद्रिय कर्ब नाही, नत्र नाही, ओल धरत नाही. नुसती रोपं लावली असती तर पहिल्याच उन्हाळ्यात करपली असती. तिथे खड्डे घेऊन त्यांत माती, साखर कारखान्याचं प्रेसमड, आणि रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर व मायकोरायझा यांची संवर्धनं एकत्र दिली. झाडं उभी राहिली, ढिगाऱ्यांवर रान तयार झालं. मँगनीज तिथेच आहे. पण ते धुळीत उडत नाही आणि पावसात वाहत नाही, आणि कामाचा हेतूच तो होता. गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे भागांत खाणींच्या ढिगाऱ्यांची लाल माती पावसाबरोबर भातशेतात उतरते, तिथेही आधी ढिगाऱ्याचा उतार धरला पाहिजे, शेताचा इलाज नंतर.

शेतात जखडण्याचं काम तीन गोष्टींनी होतं. पहिली म्हणजे आम्लता. कॅडमियम, जस्त, शिसं आम्लधर्मी मातीत मोकळी फिरतात. देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत ती आपोआप बरीच बांधलेली असतात. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत नाहीत, म्हणून तिथे सामू तपासून चुना देणं हा पहिला आणि सगळ्यात स्वस्त उपाय. क्रोमेट, म्हणजे षटसंयुजी क्रोमियम, आणि आर्सेनिकला नेमकं उलट आहे, सामू वाढला की ती सुटतात. त्यांच्यासाठी चुना टाकू नका. दुसरी गोष्ट सेंद्रिय पदार्थ. एकरी पाच टन चांगलं कुजलेलं शेणखत, दरवर्षी. षटसंयुजी क्रोमियम असेल तर शेणखत आणि ओल मिळून जिवाणूंच्या हातून ते त्रिसंयुजी, म्हणजे न वाहणारं, होतं. तिसरी स्फुरद. शिसं आणि स्फुरद यांचं अतिशय न विरघळणारं खनिज बनतं, म्हणून शिसं असलेल्या जागी स्फुरद उपयोगी. मात्र तेच स्फुरद आर्सेनिकला मातीच्या कणांवरून ढकलून मोकळं करतं. खताच्या गोणीवर हे लिहिलेलं नसतं.

झाडांमध्ये माझी पहिली पसंती वाळ्याला. त्याची मुळं तीन मीटरपर्यंत सरळ खाली जातात, माती आवळून धरतात, धातू मुळातच ठेवतात आणि पात्यात फार चढू देत नाहीत. नाल्याच्या बांधावर दोन ओळी, रोपांत १०-१५ सेंटिमीटर अंतर, लावणी पावसाच्या तोंडावर. पहिलं वर्ष गुरांपासून जपा, पुढे तो स्वतःला जपतो. या मुळांचं अत्तर किंवा माठातला वाळा करायचा नाही, एवढं घरात सगळ्यांना बजावून ठेवा. नाल्याचं पाणी शेतात येण्याआधी एखादा खोल चर अडवून त्यात पाणकणीस आणि देवनळ वाढवता आला तर उत्तम. तिथल्या काळ्या, वास येणाऱ्या चिखलात तेच सल्फेटवाले जिवाणू धातू अडवतात. तो चिखल मग शेतात पसरायचा नाही.

जिवाणू खतं घेताना दोन गोष्टी पाहा. मायकोरायझा ही मुळांत शिरून राहणारी बुरशी. तिचे तंतू धातू स्वतःवर धरतात आणि झाडाला स्फुरद-पाणी पुरवतात. पण मोहरी, कोबी, मुळा या कुळाच्या मुळांत ती वसतच नाही. पालक-बीटच्या कुळातही नाही. ‘मोहरी अधिक मायकोरायझा’ असं पॅकेज कुणी विकत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. वाळा, बांबू, एरंड, झेंडू, कडुनिंब, करंज यांना मात्र ती लाभते. मुळाला चिकटेल अशी द्या, त्याच वेळी भरमसाट स्फुरद किंवा बुरशीनाशक देऊ नका. दुसरी गोष्ट पीएसबीची. स्फुरद विरघळवणारे हे जिवाणू आम्ल सोडतात, आणि त्या आम्लाने कॅडमियम-जस्तही सुटू शकतं. धातू काढायचा असेल तर ते मित्र, जखडायचा असेल तर नाहीत.

विकतच्या संवर्धनापेक्षा त्याच जागी तगलेली बुरशी जास्त कामाची ठरते. नाल्याकाठी एखादं गवत तजेलदार उभं असेल तर त्याच्या मुळाशेजारची ओंजळभर माती घ्या, स्वच्छ वाळूत मिसळून कुंडीत भरा आणि त्यात ज्वारी किंवा मका पेरा. तीन महिने वाढवा. मग पाणी तोडा, ताटं सुकली की वरून कापा आणि मुळांसकट माती बारीक करून नव्या रोपांच्या खड्ड्यात वापरा. ही माती बाधितच असते, ती चांगल्या शेतात नेऊ नका.

ज्या औषधापासून चार हात दूर राहायचं ते म्हणजे ईडीटीए. चिलेटेड जस्तातला ईडीटीए तुमच्या ओळखीचा आहे. तोच जमिनीत ओतला की शिसं विरघळतं आणि मोहरीत भरभर चढतं, असे प्रयोग १९९०च्या दशकात अमेरिकेत गाजले. पण विरघळलेलं शिसं फक्त वर जात नाही. पहिल्या मोठ्या पावसात ते खाली जातं, आणि खाली विहीर आहे.

पिकं बदलायची तर पालेभाज्या आधी थांबवा. पालक, माठ, मेथी, अळू, आणि कंदांमध्ये मुळा, गाजर, बीट. फळभाज्यांत आणि कडधान्यांच्या दाण्यात धातू त्या मानाने कमी चढतात. भेंडी, दोडका, दुधी, काकडी हा मधला मार्ग, पण तपासून. सूर्यफुलाच्या दाण्यात कॅडमियम जातं, तंबाखूच्या पानातही. अंबाडी धाग्यासाठी लावली तरी विदर्भात तिची भाजी झाल्याशिवाय राहत नाही. कापूस ठीक, सरकीची पेंड तपासल्याशिवाय गोठ्यात नको. एरंड, बांबू, रोपवाटिका, झेंडू आणि शेवंती ही खरी सुरक्षित पिकं, आणि दसऱ्याचा बाजार हाताशी असेल तर फुलशेती तोट्याची नाही. सुबाभूळ लावू नका. जमीन बाधित नसती तर लावा म्हटलं असतं, पण शेळ्या पाला सोडणार नाहीत आणि धातू दुधा-मटणाच्या वाटेने परत येईल.

ज्यांना तरीही धातू काढायचाच आहे, म्हणजे आर्सेनिक, निकेल किंवा थोडं कॅडमियम असलेली लहान जागा, त्यांनी कापलेल्या पाल्याचं काय करायचं हे लावणीच्या आधी ठरवावं. तो पाला चारा नाही, कंपोस्ट नाही आणि चुलीत घालायचा तर मुळीच नाही. आर्सेनिक आणि कॅडमियम धुरातून घरात येतात. तो घातक कचरा म्हणून द्यावा लागेल. राज्यात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरीला त्याची प्रक्रिया केंद्रं आहेत. त्यासाठी आधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला विचारा. पाला कुठे जाणार याचं उत्तर नसेल तर ही झाडं लावू नयेत.

शिशाबाबत एक सूचना वेगळी करतो. जुन्या बॅटऱ्या फोडण्याचा धंदा जिथे चालतो किंवा चालायचा, तिथे पिकापेक्षा धूळ जास्त घातक आहे. अशा जागेजवळची मुलं माती हाताने तोंडात नेतात, आणि शिसं वाढत्या मेंदूला इजा करतं. शेतात जाणाऱ्या चपला उंबऱ्याबाहेर, जेवणाआधी हात साबणाने, आणि मोकळ्या अंगणावर हरळी किंवा फरशी. ज्या मुलांना वारंवार पोटदुखी आहे त्यांच्या रक्तातलं शिसं डॉक्टरांना सांगून तपासा.

नाल्यातलं पाणी चालूच राहणार असेल तर वरचं सगळं वाया आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार लेखी द्या, पोच घ्या, आणि अधिकाऱ्यांनाच नमुना घ्यायला लावा. सांडपाण्याच्या बाबतीत १९७४ च्या जल कायद्याप्रमाणे न्यायालयात टिकतो तो मंडळाने रीतसर घेतलेला नमुना. तुमचा अहवाल त्यांना हलवण्यापुरता. राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. २०२५ च्या जुलैमध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियमही काढले असून संशयित जागांची नोंद करण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर टाकली आहे. तहसीलदारांकडे अर्ज करताना त्या नियमांचा उल्लेख करा, कारण समोरच्याने ते वाचलेले असतीलच असं नाही.

पहिले नमुने मे महिन्यात घ्या, पावसाने वरची माती वाहून जायच्या आत. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करा. एक प्रयोगशाळेला द्या, दुसरा स्वच्छ बरणीत सीलबंद करून त्यावर गट क्रमांक, जागा आणि तारीख लिहा, आणि शेजाऱ्याची साक्षीदार म्हणून सही घ्या.